आल्प्सची वाइन आणि बोरीचे रोडगे

या थंडीत ठरवलं, बाटली घेऊन बोरी अरबला जायचंच. बाटली वाइनची. माझी मुलगी इटलीत नोकरीला आहे, तिनं एकदा बाबांसाठी आणलेली. आल्प्सच्या व्हाल्तेलिना नावाच्या दरीतली लाल वाइन. तिकडे ती धुरी दिलेल्या मांसाबरोबर, जुन्या चीजबरोबर, नाहीतर कुट्टू नावाच्या धान्याच्या पिठाच्या, लोण्यात माखलेल्या पट्ट्यांबरोबर पितात, असं तिनं सांगितलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे धूर आन तूप पाह्यजे. मंग याले आपले रोडगेच जमतीन."

रोडगे, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले कणकेचे गोळे, खावेत ते बोरीला, देवरावांच्या शेतात. देवराव ह्यांचे शाळेपासूनचे मित्र. पण त्या थंडीत ह्यांना खाणीतून सुटी मिळाली नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात हे गेले. नंतरचं वर्ष मी घराबाहेर पडलेच नाही. बाटली मात्र सांभाळली. वाइनला ऊन सोसत नाही हे वाचलं होतं, म्हणून वणीचे दोन उन्हाळे तिनं माठाच्या तिवईखाली ओल्या पोत्यात काढले.

वणीहून सकाळची एसटी धरा. बायकांना अर्धं तिकीट आहे. मारेगावपर्यंत कोळशाच्या ट्रकांमागे रांगावं लागतं, तिथल्या स्टँडवर चहा बरा मिळतो. पुढे दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. मांडीवरची थैली मी काही सोडत नव्हते.

"मावशी, वर ठेवा ना थैली. सोनं हाय का?" कंडक्टर म्हणाला.

"लोनचं हाय, सांडन," मी म्हणाले.

यवतमाळला गाडी बदलली, दारव्ह्याच्या बसनं दुपारी बोरीत उतरले. देवराव घ्यायला आले होते. शेतात गोवऱ्यांची आर तयार होती आणि त्यांच्या पत्नी, सुशीलाताई, कणकेचे गोळे वळत होत्या. मी बाटली काढली. देवरावांनी ती दोन्ही हातांत घेतली, डोळे भरले त्यांचे. "परभाकरची," ह्यांचं नाव घेऊन एवढंच म्हणाले.

सुशीलाताईंचे हात थांबले. "हे काय व्हय?"

"दारू नोहे वो, द्राक्षाचं हाय," देवराव म्हणाले.

"मोहाची बी फुलाचीच असते."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "ताई, राग नोका मानू. गावची भट्टी आमी बायकाइनं बंद केली, सगळ्याइच्या पुढं मी होती. आता माह्याच वावरात बाटली फुटली तं मी कोन्या तोंडानं बोलू?"

त्यांचं खरं होतं. मी बाटली परत शालीत गुंडाळली. रोडगे फोडले, तूप ओतलं, वांग्याच्या भाजीशी खाल्ले. देवराव फारसे जेवले नाहीत. रात्री तिथंच राहिले. सकाळी निघताना सुशीलाताईंनी चार रोडगे फडक्यात बांधून दिले आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही.

संध्याकाळी घरी आले. बूच काढायचं यंत्र वणीत कुठं शोधणार? लाटण्याच्या टोकानं बूच आत ढकललं. स्टीलच्या पेल्यात थोडी ओतली. रंग फिका, पाण्यात विरघळलेल्या कुंकवासारखा. नुसती घेतली तर आंबट, आणि जीभ कच्च्या जांभळानं धरावी तशी धरली. मग रोडगा गरम केला, वर तूप घातलं आणि एका घासानंतर पुन्हा प्याले. गोवरीचा धूर तोंडात होताच. आंबटपणानं तूप कापलं, तुरटपणा विरला आणि मागून वाळल्या गुलाबासारखा वास आला.

मी देवरावांना फोन लावला. "भाऊजी, जमते."

"जमते?" ते म्हणाले. मागून सुशीलाताईंचा आवाज आला, "काय जमते म्हन्ते वो?"

"रोडगे आवडले म्हन्ते ताईले," ते म्हणाले.

कुणी अशी बाटली घेऊन निघणार असाल तर आधी त्या घरच्या बाईला विचारा. आणि रोडग्याला घाबरू नका, ह्यांचा अंदाज पक्का होता. आल्प्स न पाहता बांधलेला. तो खरा निघाला तेव्हा स्वयंपाकघरात मी एकटी होते. उरलेली वाइन मी रोज थोडी घेऊन पाहिली, पण एकटीनं एवढी संपत नाही. ती आंबली. काल मोरीत ओतली.