मासोळीचा जिना

मासे धुतले की हाताला वास राहतोच, तसे आमच्या कामातले किस्से अंगाला चिकटून बसतात. चार जण जमले की कोणीतरी म्हणतंच, "सांग ना बे, तुमच्या मॅडमचं!"

मॅडम म्हणजे आमच्या बॉस. पुण्याच्या. हिमाचलच्या थंड पाण्यातल्या ट्राउट माशावर पीएचडी केली अन् भंडारा जिल्ह्यात आल्या खडस माशासाठी. खडस म्हणजे महसीर, मोठ्या खवल्यांचा. अंडी घालायला हाही प्रवाहाच्या उलटा वर चढतो. मी त्यांचा असिस्टंट, अन् आमचा डोंगा चालवतात शामूभाऊ.

पहिल्याच मे महिन्यात मॅडम छातीपर्यंतचा रबरी सूट घालून नदीत उतरल्या. हिमाचलात हा सूट पाणी आत येऊ देत नाही म्हणे! बाहेर आल्या त्या घामानं निथळत. शामूभाऊ म्हणे, "मॅडम, नदी भायेरच राहिली, तुम्ही आंदरूनच ओल्या झाल्या!"

* * *

माझ्या लग्नाची बोलणी सानगडीला चालली होती. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काम काय करता?"

म्हटलं, "मासे पकडतो, मापतो, पिवळा बिल्ला लावतो अन् सोडून देतो."

"सोडूनच द्याचे त पकडता कायले?"

झालं! चहा प्यालो अन् उठलो. मॅडमला सांगितलं तर म्हणाल्या, "माझ्या सासूबाईही हेच विचारतात!"

* * *

मासा कुठवर जातो ते कळावं म्हणून गावोगाव सांगून ठेवलं होतं, बिल्ल्याचा मासा सापडला तर सोडून द्या अन् फोन करा. पहिला फोन आला आसगावहून.

"मॅडम, तुमचा बिल्ला भेटला जी!"

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "आणि मासा?"

"तोबी भेटला. मस्त होता!"

त्या दिवशी मॅडम जेवल्या नाहीत.

* * *

बपेऱ्याजवळच्या बंधाऱ्यानं खडसाची वाट अडली होती. मॅडमनी कडेनं दगडांच्या पायऱ्या बांधून घेतल्या, त्यावरून पाणी खेळतं ठेवलं. सारं गाव पाहायला आलं. "मासोळीले जिना? मंग लिफ्टच लावा ना जी!"

लोक हसले, पण मॅडमचा जीव त्या जिन्यात अडकला होता. या पावसाळ्यात बिल्ल्याची एकही मादी बंधाऱ्याच्या वर दिसली नाही, तर पायऱ्या तोडायच्या अन् प्रोजेक्ट बंद, असं वरून ठरलं होतं.

गावच्या सभेत मॅडमनी तक्ते दाखवले. लोक जांभया द्यायला लागले. शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, पोटुशी लेक बाळंतपणाला माहेरी येते ना, तशी ही येते. वाट द्या तिला!"

पुढं बसलेल्या, नदीत जाळं टाकणाऱ्या कमलाबाईंची मान तेवढी हलली.

* * *

आषाढ सरत आला, एक मादी दिसेना. मॅडम सामान आवरायला लागल्या. खरं सांगतो, मला बघवत नव्हतं. अन् कमलाबाईंचा फोन आला.

"मॅडम, तुमची पिवळ्या बिल्ल्याची आली वो! बंधाऱ्याच्या वरतं, आमच्या जाळ्यात. पोट अंड्यायनं टम्म!"

मॅडमनी हातातली पेटी खाली टाकली. "जिवंत... आहे?"

"आताच सोडून आली ना पाण्यात. हळदकुंकू लावलं, पोरीनं फोटोबी काढला."

तसेच धावत गेलो. कमलाबाईंच्या ओसरीवर त्यांचा जावई जेवत बसलेला. श्रावण लागायच्या आधी मासोळी खायला म्हणून खास सासुरवाडीला आलेला, अन् ताटात वांग्याची भाजी! बाजूला त्याची बायको, दिवस भरत आलेली, गालात हसत होती.

मॅडम ओशाळल्या. "अहो, तुमचा मासा आमच्यामुळे..."

"काही बोलू नोका मॅडम!" कमलाबाई कडाडल्या. "काल घरात यकीची ओटी भरली, आज दुसरीचं पोट फाडू?"

मॅडमनी त्यांना मिठी मारली अन् ढसाढसा रडल्या. माझेही डोळे भरून आले.

जावयानं वांगं ताटाच्या कडेला सारलं.

"मॅडम, पुढल्या वक्ती त्या जिन्यानं तिच्या नवऱ्याले पाठवा. त्याची ओटी कोणी भरत नाही!"