तीन मोनोफिन आणि अव्वाची अट

आमच्या पोहण्याच्या सरांनी पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून तीन मोनोफिन काही आठवड्यांसाठी मागून आणले, तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात आमच्यापैकी कुणीच ही वस्तू आधी पाहिली नव्हती. दोन्ही पाय शेजारी शेजारी अडकवायचे रबरी बूट आणि दोन्हींना मिळून एकच रुंद पातं. ते घातलं की पाय सुटे हलत नाहीत, छातीपासून खाली सगळं अंग माशासारखं वरखाली हलवायचं. शिवाजी पेठेतली माझी मैत्रीण ते उलटसुलट करून बघत म्हणाली, "दोन पायांस्नी मिळून एकच चप्पल हाय की ही."

पुण्यात राज्याच्या संघाची निवड होणार होती. माझा प्रकार होता एका श्वासात, पाण्याखालून, टँकची पूर्ण लांबी. मला त्या संघात जायचं होतं. हे मी कुणाजवळ मोठ्यानं बोलले नव्हते. घरातून कॉलेजला आलेली मी पहिलीच. वर्गात इंग्रजीत प्रश्न विचारला की मान खाली घालायची. पाण्याखाली मात्र कुणी काही विचारत नाही. कुरुंदवाडला नदीवर वाढल्यामुळे श्वास धरणं मला कधी शिकावं लागलं नव्हतं.

तिन्ही मोनोफिन मी आलटून पालटून वापरले. काळा सगळा रबराचा, आखूड आणि मऊ. टाचेला नुसता पट्टा. तो घालायला सोपा, पायाला काही त्रास नाही. पण कितीही जोर लावला तरी पातं वाकायचं आणि पाणी बाजूनं निसटून जायचं. अर्ध्या टँकनंतर छाती जळायला लागायची. निळ्याचं पातं फायबरचं, बेताचं कडक, पण बूट कुणा मोठ्या पुरुषाच्या मापाचे. दोन दोन मोजे घालूनही पाय आत हलायचा आणि मी सरळ जायचं सोडून बाजूच्या दोरीकडे जायचे.

पांढरा सगळ्यांत कडक. पहिल्या दिवशी पोटऱ्यांत असे गोळे आले की मी काठ धरून रडकुंडीला आले. अंगठ्याची नखं काळी पडली. पण त्याचं एक वेगळंच होतं. कमरेतून जोर दिला की क्षणभर काहीच व्हायचं नाही आणि मग मागून कुणीतरी तळहातानं ढकलल्यासारखं अंग पुढं जायचं. घाई केली की तो दमवायचा. सावकाश, मोठ्या लाटेसारखं हललं की नेऊन सोडायचा. आठवड्याभरात मी त्याच्यावर एका श्वासात समोरच्या भिंतीला हात लावला. सर नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं हं म्हणजे पुष्कळ होतं.

त्याचे बूट मात्र फार घट्ट होते. घालताना साबणाचं पाणी लागायचं आणि काढताना मैत्रीण काठावर बसून, दोन्ही पाय टेकवून, हिसके देऊन ओढायची. आम्हाला त्याचं हसू यायचं.

एका रविवारी अव्वा, म्हणजे माझी आई, कुरुंदवाडहून बाजाराला आली आणि डबा घेऊन थेट टँकवर आली. मी पाण्यातून बाहेर आले होते आणि मैत्रीण मोनोफिन ओढत होती. अव्वा डबा हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"पाय कशाला बांधल्यात हिचं?"

"बांधल्यालं न्हाईत मावशी, घातल्यात," मैत्रीण म्हणाली. "माशागत पवायचं."

"माशाला पायच न्हाईत. हिला हाईत की." मग अव्वा माझ्याकडे वळली. "काढायला दोघी लागत्यात. आन् पाण्यात एकटीच जातीस व्हय?"

"सर हाईत की अव्वा. सगळी काठावर असत्यात."

"काठावर असत्यात," ती म्हणाली.

अव्वा स्वतः पट्टीची पोहणारी. तिच्या लग्नानंतरच्या एका पुरात शेजारची बाई तिच्या डोळ्यांसमोर गेली होती. ओलं लुगडं पायांना गुंडाळलं गेलं, आणि हात चांगले चालत असूनही तिला वर येता आलं नाही. हे अव्वानं मला पोहायला शिकवतानाच सांगितलं होतं. त्यामुळे तिला अडाणी म्हणून उडवून लावणं मला शक्य नव्हतं.

तिनं तिन्ही मोनोफिन मला घालायला आणि एकटीनं काढायला लावले. काळा तर पट्टा सोडताच निघाला. निळा सैलच होता. पांढरा निघेना.

"काळं घालून जा," ती म्हणाली.

सर मध्ये पडले. "मावशी, काळ्यावर निवड होणार नाही हिची."

"मग नको व्हायला."

अप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारून उपयोग नव्हता. पाण्याच्या बाबतीत ते अव्वाच्या पुढं बोलत नसत. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अट घातली, तीही चाचरत. "पाण्याखाली एकटीनं काढून दाखवला तर?"

तिनं जरा विचार केला. "खोल बाजूला. माझ्यासमोर."

त्यानंतर सरावातला अर्धा वेळ मी पोहणं सोडून पांढरा काढण्यातच घालवू लागले. उथळ पाण्यात मैत्रीण शेजारी उभी राहायची. मी पाय ओढायचे आणि बूट जास्तच चिकटून बसायचे. साबण जास्त लावला तर सूर मारतानाच मोनोफिन निसटून गेला. एकदा एक पाय सुटला आणि पातं असं पिरगळलं की दुसऱ्या घोट्याची कळ डोक्यात गेली. नाकातोंडात पाणी गेलं. मैत्रीण म्हणाली, "निवड हुईपतूर टँक पिऊन संपवशील."

शेवटी लक्षात आलं की मी पाय ओढत होते आणि तिथंच चुकत होते. गुडघे छातीशी घ्यायचे, पातं आडवं तरंगू द्यायचं, मग हाताचा अंगठा बुटाच्या टाचेच्या कडेत घालून आत पाणी शिरू द्यायचं. एक टाच, मग दुसरी. दोन्ही टाचा मोकळ्या झाल्याशिवाय एकही पाय बाहेर काढायचा नाही. घाई तिथंही चालत नव्हती.

पुढच्या खेपेला अव्वा आली. मी खोल बाजूला तळाशी जाऊन बसले. एक टाच सुटली. दुसरी सुटेना. वर बघितलं तर काठावर तिची हिरवी साडी पाण्यातून हलताना दिसत होती. मी थांबले, अंगठा पुन्हा आत घातला. टाच सुटली. दोन्ही पाय बाहेर आले. मोनोफिन हातात धरून मी वर आले, तेव्हा अव्वा साडीचा ओचा वर खोचून, चपला काढून, अगदी काठाच्या टोकावर उभी होती. उडी मारण्याच्या बेतात.

"परत एकदा," ती म्हणाली.

दुसऱ्या वेळी मी वर आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. "जा," ती म्हणाली आणि डबा उघडायला लागली.

पुण्याच्या टँकवर माझ्या बाजूच्या मुलींकडे नवे, चकचकीत मोनोफिन होते. माझ्या पांढऱ्याच्या पात्याला एका कोपऱ्यात चीर होती. पण शिट्टी झाली आणि पाणी डोक्यावरून मिटलं, तसं मला दुसरं कुणी दिसेनासं झालं. सावकाश, मोठी लाट. मधे कुठंतरी छाती जळायला लागली, तरी मी लाट लहान केली नाही. भिंतीला हात लागला. डोकं वर काढलं तेव्हा शेजारच्या दोन्ही रांगांत अजून कुणी वर आलेलं नव्हतं. सर काठावरून धावत आले. त्या दिवशी ते "हं" म्हणाले नाहीत. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता.

टँकबाहेरच्या बूथवरून मी कुरुंदवाडला शेजाऱ्यांच्या घरी फोन लावला. अव्वाला बोलावून आणेपर्यंत मीटर पळत होता.

"झाली निवड," मी म्हणाले.

"कुठलं घातलंतंस?"

"पांढरं."

मग फोन हातात तसाच धरून ती शेजारणीला सांगत होती, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, "राज्याच्या संघात घेतलं की आमच्या पोरीला. पांढरं घालून पवली. सगळ्यात कडक असतंय ते."