खालून ठेवायची गोळी

बाळासो गुळव्या म्हणजे कोडोलीच्या गुऱ्हाळावरचा दणदणीत माणूस. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. त्याची हाक पार रस्त्यापर्यंत जायची.

पित्ताशय काढून दोन वर्षं झाली तरी त्याची बरगडीखालची कळ थांबेना. शेवटी कोल्हापुरात डॉक्टर पवित्रांनी समजावून सांगितलं, "पित्ताची नळी आतड्यात उघडते तिथं झडपेसारखा स्नायू असतो. तो आवळून बसला की असं दुखतं. तोंडातून दुर्बीण घालून तिथला दाब मोजू. पण या तपासणीनं कधीकधी स्वादुपिंडाला सूज येते. ती टाळायला एक गोळी खालून ठेवतात. जमलं तर स्वादुपिंडाच्या नळीत बारीकशी नळीही बसवू."

बाळासोनं मान हलवली. 'खालून' म्हणजे कुठून, हे काही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

तपासणीआधी गोळी घेऊन आली ती नेमकी क्रांती. त्याच्याच गल्लीतल्या आकारामची थोरली, इथं नर्स होती. लहानपणी वाटी घेऊन काकवी मागायला यायची, ती आता हातमोजे चढवून म्हणाली, "तात्या, कुशीवर व्हा. पाठीमागनं गोळी ठेवायची हाय."

बाळासोचे कान तापले. "आगं, तू? आन हिकडं. माझं मी ठेवतो."

"तसं चालत न्हाई, तात्या. वॉर्डबॉयदादांना बोलवू का?"

"कुणाला बोलवू नगंस! आन म्हनलं न्हवं?"

सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. गल्लीतलं वडीलधारं माणूस. क्रांतीनं नाइलाजानं गोळी त्याच्या हातात दिली. बाथरूमची कडी लावून तो हातातल्या गोळीकडे बघत उभा राहिला. गडी असून हे असलं करायचं, आणि ते गल्लीतल्या पोरीला ठाऊक! त्यानं गोळी भांड्यात टाकली, पाणी सोडलं आणि बाहेर येऊन म्हणाला, "ठेवली."

दाब खरंच जास्त निघाला. डॉक्टरांनी तो स्नायू तिथल्या तिथं कापून मोकळा केला. पण स्वादुपिंडातली नळी काही बसली नाही. संध्याकाळी पोटातून पाठीत अशी कळ गेली, की बाळासो लहान पोरासारखा ओरडला. उलट्या थांबेनात. स्वादुपिंडाला सूज आली होती. तोंडाला काही लावायचं नाही, नुसतं सलाईन.

त्याच्या खाटेच्या पायाशी उभं राहून मुख्य सिस्टर क्रांतीला विचारत होत्या, "गोळी तुझ्या हातानं ठेवलीस?"

"त्यांनी ठेवली म्हणाले."

"म्हणाले? आणि तू विश्वास ठेवलास?"

बाळासो जागा होता. खरं सांगायला एक वाक्य पुरं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी क्रांतीला लहान मुलांच्या वॉर्डात पाठवलं.

सूज उतरायला लागली, तसं त्याला कुणाला तोंड दाखवणं अवघड व्हायला लागलं. शेवटी फेरीच्या वेळी त्यानं डॉक्टर पवित्रांना हळूच खरं सांगितलं. त्या मग म्हणाल्या, "गोळीनं धोका कमी होतो, संपत नाही. ठेवली असती तरी सूज आली नसती, असं मी सांगू शकत नाही. सिस्टरांशी मी बोलते. क्रांतीशी तुम्ही बोला."

कठड्याला धरत तो वरच्या मजल्यावर गेला. क्रांती एका बाळाला वजनकाट्यावर ठेवत होती.

"पोरी, ती गोळी मी टाकली हुती."

तिनं वर बघितलं. "टाकली ते ऱ्हाऊ द्या, तात्या. लाज समद्यांनाच वाटती. पण सिस्टर मला बोलत हुत्या तवा तुम्ही जागं हुतासा. पापण्या हलत हुत्या तुमच्या."

"व्हय," एवढंच तो म्हणाला. बाळ रडायला लागलं आणि ती तिकडं वळली.

जुनी कळ गेली ती गेलीच. हंगाम सुरू झाला. ऊस घेऊन आलेला आकाराम रस पीत सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या पोरीनं बगितलं न्हवं तुला चांगलं?"

बाळासोनं मग तिथंच, काहिलीपाशी, सगळं सांगून टाकलं. गोळीचं ऐकून गडी खो खो हसले. मिटलेल्या डोळ्यांपाशी आला तेव्हा कुणी हसलं नाही. आकारामनं अर्धा पेला खाली ठेवला आणि तो ट्रॅक्टरकडे निघाला. त्याला हाक मारायला बाळासोनं तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.