तिसऱ्यांचं कवच

परवा उत्तनला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, घ्यायला गेले, तर विकणाऱ्या मावशी पानाला चुना लावत होत्या, आणि त्या ओल्या वासाने मी थेट भाईंदरच्या शाळेतल्या प्रयोगशाळेत पोचले. आमच्या विज्ञानाच्या बाई उत्तनच्याच, कोळ्याच्या घरातल्या. आपल्या आईच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून, वरचं निवळ पाणी बाई बाटलीतून घेऊन आल्या होत्या. त्यात स्ट्रॉने फुंकायला त्यांनी मला उभं केलं. मला दमा, त्यामुळे पीटीच्या तासालाही मी बाकावर बसून असायचे. मी फुंकलं तसं पाणी दुधासारखं पांढरं झालं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि सुटले एकदाची म्हणून मी स्ट्रॉ ठेवली. "अजून फुंक," बाई म्हणाल्या. "सावकाश. आपल्याला घाई न्हाय." मी थांबत थांबत फुंकत राहिले, आणि अख्खा वर्ग माझ्यासाठी गप्प बसून राहिला. बऱ्याच वेळाने तो पांढरा रंग विरला आणि पाणी पुन्हा नितळ झालं. "ते पांढरं होतं ना, त्याचंच तिसऱ्यांचं कवच असतं," बाई म्हणाल्या. "तुझ्या श्वासातला वायू जास्त झाला आणि ते विरघळलं. हाच वायू धुरातून समुद्रात फार उतरला, तर त्यांना कवच धरणं जड जाईल. माझी आय ओहोटीला तिसऱ्याच काढते."  परवा ते आठवून मी मावशींच्या टोपलीतली एक तिसरी नखाने दाबून पाहिली. "काय गो, खराब हाय का?" त्यांनी विचारलं. "नाही, छान कडक आहे," मी म्हटलं. 'बस, दमशील' म्हणणारे मला आजवर पुष्कळ भेटले. 'अजून फुंक' म्हणणाऱ्या बाई एकट्याच.