चुस्मा आणि पिवळं छप्पर

'मॉब' हा इंग्रजी शब्द माझ्या वाट्याला एका शनिवारी आला. लोणावळ्यात घरी बसून मी एका कोशासाठी इंग्रजी शब्दांना स्पॅनिश प्रतिशब्द देते. चवताळलेला, हुल्लडबाज जमाव असेल तर तुर्बा. नुसतीच खूप माणसं असतील तर मुचेदुंब्रे. गुंडांची टोळी असेल तर माफिया. आणि नाक मुरडून बोलायचं असेल तर चुस्मा, म्हणजे फालतू, भुक्कड माणसं. चुस्मापुढे मी झटकन उदाहरण टाकलं, 'रविवारी गडावर चुस्मा लोटते.' वर खुदकन हसलेसुद्धा! लोहगडवाडीत वाढलेय मी. पावसाळ्यातले रविवार आमच्या पायऱ्यांवर काय काय टाकून जातात, ते आम्हालाच माहीत.

म्हणूनच वाडीतलं कोणी पावसाळ्यात रविवारी गडावर जात नाही. गडाखाली आईचं हॉटेल आहे, म्हणजे चार बांबूंवर ताणलेलं पिवळं प्लास्टिक आणि दोन बाकडी. दुसऱ्या दिवशी, रविवारीच, तिच्या मदतीला गेले, तर लेकीनं गडासाठी भोकाड पसरलं. चार वर्षांची पोर. म्हटलं, पटकन जाऊन येऊ. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

गडाच्या दरवाजाखालच्या पायऱ्यांवर आम्ही अडकलो. वरचे खाली यायला बघतायत, खालचे वर. शिट्ट्या, किंकाळ्या, रेटारेटी. लेक माझ्या कमरेशी चेंगरत होती आणि तिचं रडणंही बंद झालं होतं. मी कशीबशी तिला उचलली आणि ओरडले, "अहो, पोर गुदमरतेय माझी!"

माझ्या खालच्या पायरीवर एक ढेरपोट्या माणूस मघापासून बेसूर गात होता. त्यानं गाणं थांबवून हात वर केले. "द्या ताई इकडे."

आणि मी दिली. त्यानं खालच्या बाईकडे दिली, तिनं पुढच्याकडे. डोक्यांवरून तिचा लाल रेनकोट खाली खाली जात राहिला. "कुठे सोडायची?" कोणीतरी ओरडलं. लेकीचा बारीक आवाज आला, "पिवळं छप्पर! आजी!" मग पायरीपायरीवरून तेच ऐकू येऊ लागलं, पिवळं छप्पर, आजी, पिवळं छप्पर, आजी. वळणापलीकडे रेनकोट दिसेनासा झाला. मला खाली पोचायला तासभर लागला, आणि तो तास मी कसा काढला ते मलाच ठाऊक.

लेक बाकड्यावर बसून कणीस खात होती. आईनं आधी मला पाठीत धपाटा घातला. "रईवारी जातं का गं वाडीतलं कुनी गडाव? लय शानी झालीस व्हय?" मग पदरात तोंड खुपसून ती रडली, आणि मीही.

"आई, त्या लोकांना निदान चहा तरी पाजू या गं."

"कुनाकुनाला पाजशील?" ती म्हणाली, आणि तरी तिनं मोठं पातेलं चुलीवर ठेवलंच. दुपारभर मी चहा ओतत होते. येईल त्याला.

संध्याकाळी घरी येऊन चुस्मापुढचं ते उदाहरण खोडलं. शब्द आणि अर्थ ठेवला, कोशाला तो लागतोच. लेक मांडीवर पेंगत होती.

"तुला आजीकडे कोणी आणलं गं?"

"सगळ्यांनी," ती म्हणाली.