टिकटिक अणदूरला, माणूस नळदुर्गला

भूतबित, चाहूलबिहूल असलं काही मी मानत नाही. कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा टाकायला जायची. आता मीच सांगतेय... हसायचं तर हसा.

आमच्या ह्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलीय. रक्त पातळ राहावं म्हणून रोज गोळी, आणि ते किती पातळ झालंय हे बघायला सारखं सोलापूर. म्हणून बोटातल्या थेंबावर घरीच तपासणारं मशीन घ्यायचं ठरलं. मी म्हणत होते, ज्याच्या पट्ट्या एकेक वेगळ्या पाकिटात येतात ते घ्या. पुण्याचे दीर म्हणाले, "वहिनी, तुम्ही नका यात पडू." आणि डबीतल्या पट्ट्यांचं घेऊन आले.

अणदूरच्या आमच्या घरात नवी वस्तू खंडोबाचा भंडारा लावल्याशिवाय वापरत नाहीत. सासूबाईंनी मशीन देवापुढं ठेवलं, पट्ट्यांच्या डबीचं झाकण उघडून आत भंडारा टाकला, वर ओल्या हातानं फूल ठेवलं. डबी दिवसभर उघडीच! पट्ट्यांना ओल लागेल असं मी बोलले, तर म्हणाल्या, "देवापुढं झाकून ठेवायचं असतंय व्हय?"

ह्यांच्या शेजारी बसलं की झडपेची टिकटिक ऐकू यायची. पुढं महिनाभर त्याच पट्ट्यांवर भागलं, सोलापूर बंद. एका दुपारी हे नळदुर्गला शाळेत होते, तिथं क्लार्क आहेत. मी घरी तूर निवडत होते... आणि कानाशीच टिकटिक आली. घड्याळ नव्हे, तीच! मग ती दबली, कापडात गुंडाळल्यासारखी — आणि थांबली.

ह्यांना फोन केला. "मला काय धाड भरलीय? डबा खातोय," हे म्हणाले. मी म्हटलं, तसेच सोलापूरला दवाखान्यात जा. तर, "आई काय म्हणती?"

आई म्हणाल्या, "सकाळी मशिनीत आकडा बरोबर आलाय की. तुझंच लई कायतरी!" दीर तर फोनवर हसलेच.

संध्याकाळी हे घरी आले आणि चपला काढता काढता कोसळले. सोलापूरचे डॉक्टर म्हणाले, पट्ट्यांना ओल लागली असणार, आकडा खोटा, गोळी कमी पडत गेली. झडपेवर गाठ धरली, ती मेंदूत गेली. "गाठ धरली की आवाज दबतो, जवळच्याला कळतं." जवळच्याला! मधे आख्खा हायवे होता, डॉक्टर.

आता हे पडून आहेत. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दीर म्हणतात, नशीब. डोंबलाचं नशीब!

तो आवाज मला कसा आला, कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही. पण माझा राग वेगळाच आहे. यायचाच होता तर सासूबाईंच्या कानात यायचा. त्या नुसतं "दवाखान्यात जा" म्हणाल्या असत्या, तर हे हातातला घास टाकून गेले असते.