चार दिवसांचा पट्टीचा पोहणारा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या आणि मग चहा प्या, नाहीतर ठसका लागेल. आपला गाढवपणा लोक चार भिंतींत करतात. मी भर बॅचसमोर, पाण्यात केला.

तर माझं वजन एकशे अठरा. गुडघे इतके गेलेले की यंदा भाताच्या रोवणीला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसलो होतो. डॉक्टर म्हणाले, "वजन उतरवा, नाहीतर गुडघे बदलावे लागतील. जमिनीवर चालवत नसेल तर पाण्यात चाला, तिथं गुडघ्यांवर भार येत नाही." ऑपरेशन म्हटलं की माझी पाचावर धारण बसते. दुसऱ्याच दिवशी गोंदियातल्या एका स्विमिंग पूलवर नाव घातलं.

तिथल्या सरांनी विचारलं, "भैया, तैरना आता है?"

'नाही' म्हणायला माझं काय जात होतं? पाण्यात चालणाऱ्यांच्या या बॅचला पोहणं लागतच नाही. उथळ बाजूला चालायचं, गुडघे उचलायचे, बस. पण आम्ही अर्जुनी मोरगावकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणारे. त्या घरचा माणूस पोहता येत नाही म्हणेल? म्हटलं, "तलावातच वाढलो जी."

झालं. बॅचमध्ये जवळच्याच मुर्री गावच्या अनसूयाकाकू होत्या, माझ्याच मापाच्या, पाण्याला फार भिणाऱ्या. सरांनी त्यांना माझ्या हवाली केलं.

"बाबू, तू संग असला त मले भेव नाही," काकू म्हणाल्या.

तीन दिवस मी कठडा धरून पोहण्यावर भाषणं दिली. श्वास असा घ्या, पाय असे मारा. आणि खरं सांगतो, काकू तरंगायला लागल्या. लोक मला गुरुजी म्हणू लागले. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

चौथ्या दिवशी काकू म्हणाल्या, "नुसता सांगूनच राहिला तू. एकदा पोहून दाखव ना."

"आज गुडघा दुखते, काकू."

"त्याच्याचसाठी त डॉक्टरनं पाण्यात धाडलं ना तुले?"

सगळी बॅच बघत होती. मी देवाचं नाव घेतलं, कठडा सोडला आणि आडवा झालो. नाकातोंडात पाणी गेलं. हाताला जे लागलं त्याला मिठी मारली. त्या काकू होत्या. "वाचवा, बुडलो!" असं मी बोंबलत होतो म्हणे.

"अरे, पाय टेकव ना," काकू शांतपणे म्हणाल्या.

टेकवले. पाणी छातीपर्यंत होतं.

घरी येऊन बायकोला सांगून टाकलं, पूल बंद. गुडघे कापून घेईन, पण त्या लोकांना आता तोंड दाखवणार नाही. दोन दिवस गेलोच नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात ऑटो थांबला आणि त्यातून काकू उतरल्या.

"काऊन आला नाही?"

"लाज वाटते, काकू. त्यापेक्षा ऑपरेशनच करून घेतो."

"लाज गेली चुलीत. गुडघे कापाले निघाला का? चाल, मी शिकवीन तुले पोहणं."

ऑटोच्या टपावर हवा भरलेली एक भलीमोठी काळी ट्यूब बांधलेली होती. तोवर अर्धी गल्ली गोळा झाली.

"एवढी मोठी कायले जी?" मी हळूच विचारलं.

"कारची तुले पुरली नसती. म्हणून ट्रॅक्टरची आणली, मागच्या चाकाची."

गेलो मुकाट्यानं. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, तीही कमरेला जरा घट्टच झाली.